मशीनवरचं पहिलंच शिवण: कापडी वाचनखूण जमेल का?

निळीशाई, ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत एक लहानसं वाचनालय चालतं. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, तिथे दरवर्षी काहीतरी उपक्रम असतो. यंदा असं ठरलंय की सभासदांनी स्वतः मशीनवर कापडी वाचनखुणा शिवायच्या आणि त्या दिवशी पुस्तक घरी नेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायची. दोन मशीनं मिळाली आहेत, एक जुनं काळं पायमशीन आणि एक विजेवरचं घरगुती. शिवायला तयार झालेल्यांत आठवी-नववीची मुलंमुली आहेत, काही गृहिणी आहेत, निवृत्त झालेले दोन काका आहेत. जवळजवळ सगळेच मशीनवर पहिल्यांदा बसणार.

माझं मत असं की नवशिक्यासाठी यापेक्षा चांगलं शिवण नाही. सगळ्या टिपा सरळ. अंगाचं माप नाही, गळा नाही, बाही नाही. कापड घरातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून निघतं. आणि पहिल्याच बैठकीत वस्तू पुरी होऊन हातात येते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्यांदाच ब्लाउज शिवायला घेतलेली कितीतरी माणसं मध्येच सोडून देतात, कारण शेवट फार लांब असतो.

कृती अशी योजली आहे: अडीच इंच रुंद आणि साडेसात इंच लांब असे दोन तुकडे कापायचे. सुलट बाजू आत ठेवून, कडेपासून पाव इंचावर चारही बाजूंनी टीप. एका लांब बाजूला दीड-दोन इंचांचं तोंड सोडायचं. त्यातून उलटवायचं, इस्त्री करायची, मग कडेकडेने वरून एक टीप, म्हणजे तोंडही बंद. तयार खूण दोन बाय सात.

ही कृती पहिल्यांदा बसणाऱ्याला झेपेल का? कापड कोणतं घ्यावं? आत फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) घालावं की नको? ज्यांनी शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गोधडीवाली, सातारा

फार छान उपक्रम! ताई, कापडाआधी कागद. वहीचं आखलेलं पान घ्या, मशीनमध्ये दोरा ओवू नका, आणि नुसत्या सुईने त्या रेघांवरून टीप मारायला लावा. भोकं रेघेवर पडली की नाही ते लगेच दिसतं, आणि पान उजेडाकडे धरलं की मुलं आपणहून म्हणतात, "इथे गेलं वाकडं." पुढे चौकोन, मग नागमोडी रेघ. कागदावर चाललेली सुई बोथट होते, म्हणून त्या कामासाठी जुनी सुई ठेवा आणि कापडाला नवी लावा.

पायमशीनवर बसणाऱ्यांना त्याही आधी एक धडा द्या. हाताच्या चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करा. आता पाय मारला की चाक फिरतं, सुई हलत नाही. नुसती पायाची लय बसू दे. चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलट गेलं की दोरा तुटतो आणि मुलं घाबरतात.

सह्यकडा

+१. आणि मुलांबरोबर ते दोन काका बसणार आहेत हे वाचून फारच आनंद झाला.

पाव_इंच, कोल्हापूर

निळीशाई, उपक्रमाला मनापासून शुभेच्छा. पण मी शिवणक्लास घेते, त्या नात्याने स्पष्ट सांगते, तुम्ही लिहिलेली कृती पहिल्या दिवसाची नाही.

सरळ टिपा आहेत, हे खरं. पण कापड किती अरुंद आहे ते बघा. अडीच इंचांच्या तुकड्याला धरायला जागाच नसते. नवीन माणूस दोन्ही हातांनी कापड धरून चालवतो, आणि इथे बोटं सुईच्या फार जवळ येतात. टीप सुरू करताना कापडाचं टोक सुईखालच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या फटीत ओढलं जातं, खाली दोऱ्याचा गुंता होतो. तिथून सुटलात की चार कोपरे. कोपऱ्यावर सुई कापडात रुतवून थांबायचं, फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचं, कापड वळवायचं, फूट खाली. यातलं फूट खाली करायचं हमखास विसरतं. त्यानंतर दोन इंच रुंदीची पिशवी दीड इंचाच्या तोंडातून उलटवायची, आणि आत फ्युजिंग असेल तर ते चुरगळतं. कोपरे बाहेर काढायला कोणीतरी कात्रीचं टोक घालतं आणि कोपरा फाटतो. शेवटी वरची टीप. ती कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग), तीही चार थरांवरून, आणि नेमकी तीच सगळ्यांना दिसणार!

लहान वस्तू म्हणजे सोपी वस्तू, हे शिवणात खरं नाही. लहान वस्तूत चूक लपत नाही. माझ्याकडे पहिलं शिवण उशीचा अभ्रा असतो. लांब टिपा, हाताला भरपूर कापड, मधे जरा वाकडं गेलं तरी चालून जातं. वाचनखूण मी शर्टाच्या कॉलरच्या आधी ठेवते, कारण दोन्हींत कोपऱ्याचं कामच मुख्य.

वाचनवेडा, पुणे

पण पाव_इंच ताई, पुस्तकासोबत अभ्रा कसा देणार? वाचता वाचता झोप लागणाऱ्यांना चालेल म्हणा. :)

चिंचपेटी

मी पाव_इंच यांच्याशी असहमत. अभ्रा चांगला, पण तो कपाटात जातो आणि विसरला जातो. वाचनखूण रोज हातात येते. माझ्या भाचीने शिवलेली खूण मी रोज रात्री बघते आणि तिलाही ते माहीत आहे. मशीनकडे परत जायची ओढ त्यातून आली. अवघड आहे म्हणून वस्तू बदलण्यापेक्षा अवघड भाग काढून टाकता येणार नाही का?

पाव_इंच, कोल्हापूर

अवघड भाग म्हणजे उलटवणं. ते काढलंत तर माझी हरकत निम्म्याहून जास्त संपते.

गोधडीवाली, सातारा

चिंचपेटी, नेमकं बोललात. उलटवायचीच नाही! आम्ही गोधडीत ठिगळं लावतो तीच रीत.

कापड आधी कापायचं नाही. दहा बाय आठ इंचाचे दोन तुकडे, सुलट बाजू दोन्हीकडे बाहेर, मधे हवं तर एक मांजरपाटाचा थर. वरच्या तुकड्यावर खडूने किंवा पेन्सिलीने दोन बाय सातचे चार आयत आखायचे, दोन आयतांमध्ये अर्धा इंच अंतर. टाचण्या लावायच्या. आता आखलेल्या रेघांवर टीप मारायची, आणि तिच्या आतून एक सूत अंतरावर दुसरी. चारही आयत शिवून झाले की मग कात्री घ्यायची आणि बाहेरच्या टिपेपासून एक सूत सोडून कापायचं. झिगझॅग कात्री असेल तर उत्तम, धागे कमी सुटतात.

हाताखाली कापड मोठं राहतं, बोटं सुईपासून लांब राहतात, दात्यांत टोक अडकत नाही. वाकडी टीप गेली तर आतली टीप तिला समांतर घ्यायची, मग ती मुद्दाम केलेली नक्षी दिसते. कोपरे वळवण्याचा सराव मात्र पुरेपूर होतो, चार आयतांचे सोळा कोपरे, आणि दुसऱ्या टिपेचे आणखी सोळा. शेवटच्या आयताला पोचेपर्यंत फूट खाली करायचं कोणी विसरत नाही.

पाव_इंच, कोल्हापूर

हे पटलं. आधी टीप मग कात्री, हे मी क्लासमध्येही सुरू करणार. फक्त एक भर घालते, आखताना उभा धागा बघा. खुणेची लांबी कापडाच्या काठाला समांतर. उरेब, म्हणजे तिरकी, आली तर टिपेखाली कापड ताणलं जातं आणि खूण पिळवटते, इस्त्रीनेही सरळ होत नाही.

टाका फार बारीक ठेवू नका. २.५ मिमी ठेवला की इंचाला साधारण दहा टाके येतात, ते ठीक. त्याहून बारीक टाका उसवताना नवशिक्यांचा जीव जातो, आणि उसवावं तर लागणारच. उसवणी हातात देऊन ठेवा आणि वापरायला शिकवा. उसवणं हा शिवणाचाच भाग आहे, शिक्षा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

मंगळवारपेठ

वाखुसा! (वाचनखूण साठवली.)

यंत्रमित्र, नाशिक

शिवणातलं मला कळत नाही, पण जुनी मशीनं दुरुस्त करतो, म्हणून यंत्राकडून लिहितो. दहा नवशिके दोन मशीनांवर बसणार म्हणजे दिवसातला निम्मा वेळ "दोरा तुटला" आणि "खाली जाळं झालं" यांत जाऊ शकतो. ते टाळता येतं.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे न बसता वरून जातो, त्याला ताण मिळत नाही आणि तो खाली भसाभस उतरतो. म्हणून ओवताना फूट वर, शिवताना फूट खाली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. टीप सुरू करताना वरचा आणि खालचा, दोन्ही दोरे मागे ओढून पहिले तीन-चार टाके बोटाने धरून ठेवा.

सुई बसवताना दांड्याची सपाट बाजू कुठे येते ते मशीनप्रमाणे बदलतं. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: सुईला एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या अंगाने ओवायचा. पॉपलिनच्या दोन-तीन थरांना १४ नंबर सुई पुरते. पाकिटावर ९०/१४ लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिमी. डेनिमचे तुकडे कोणी आणलेच तर १६ नंबर लावा.

पायमशीन बरेच दिवस बंद असेल तर आधी मशीनचं तेल सगळ्या छिद्रांत थेंब थेंब द्या, थोडं चालवा, आणि रद्दी कापडावर शिवून जास्तीचं तेल निघू द्या. खोबरेल कधीही घालू नका. थंडीत ते थिजतं, आणि एरवीही आत चिकट थर होऊन बसतं. आमच्याकडे येणाऱ्या 'जाम' मशीनांतली कितीतरी खोबरेलाचीच असतात. चामडी पट्टा सैल पडला असेल तर पाय चालेल पण चाक घसरेल. पट्टा जरासा कापून तारेचा आकडा पुन्हा लावला की झालं.

अवांतर: आयझॅक सिंगरला अमेरिकेत पेटंट मिळालं १८५१ साली. त्याआधी १८४६ साली ईलायस हौने दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं होतं, आणि टोकाकडे नेढं असलेली सुई हा त्यातला गाभा. हातसुईचं नेढं मागे, मशीनच्या सुईचं पुढे, एवढ्या एका फरकावर सगळं यंत्र उभं आहे. मुलांना दोन्ही सुया शेजारी ठेवून दाखवा, त्यांचे डोळे चमकतात. आणि यंत्रांबद्दल इतके साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली बोलताना सिंगरच्या मशीनला अपवाद म्हटलं होतं.

वाचनवेडा, पुणे

यंत्रमित्र, प्रतिसाद अतिशय आवडला. नेढ्याचा मुद्दा आज पहिल्यांदा नीट कळला.

खणवेडी, सोलापूर

कापडाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी. मुलांना खण फार आवडेल. रंग, काठ, बारीक बुट्टी, दोन इंचांत सगळं मावतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण असेल तर काय बोलावं! पैठणीच्या काठाची पट्टीही सुंदर दिसते. ब्लाउज शिवून उरलेले तुकडे शिंप्याकडे मागितले तर पिशवीभर मिळतात.

पाव_इंच, कोल्हापूर

खणवेडी, खण मलाही प्रिय आहे, पण कच्ची कड ठेवून खण शिवलात तर आठवड्यात त्याची झालर होईल. खणाचे धागे भराभर सुटतात. खणासाठी मागून पातळ फ्युजिंग लावायचं आणि मगच आखायचं, किंवा पॉपलिनच्या खुणेवर मधोमध खणाची दुमडलेली पट्टी बसवायची. आणि काठाची जरी खोटी असेल तर इस्त्री थेट लावू नका, ती प्लास्टिकची असते, आकसते. वर सुती फडकं टाकून कोमट इस्त्री.

पहिल्या दिवशी कापड सुतीच, पॉपलिन किंवा केंब्रिक. सॅटिन, शिफॉन, क्रेप हे सगळे हातातून घसरतात. होजिअरीचे टी-शर्टही नकोत, ताणले जातात.

मांडवीकाठ, गोवा

आमच्याकडे कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकटीच्या कापडावर हे फार सोपं जातं. चौकटीच रेघेचं काम करतात, आखायला नको. ठाण्याला ती नसेल तर कुठलंही चौकटीचं कापड घ्या, शाळेच्या गणवेशाचं चेक्सचं कापडसुद्धा. चौकट मोजायची, त्या रेघेवर टीप मारायची. नवशिक्याची टीप सरळ यायला यासारखी मदत नाही.

गोधडीवाली, सातारा

वा, चौकटीचं कापड! हे कसं सुचलं नाही आजवर.

पानोपानी, मुंबई

मी ग्रंथालयात काम करतो आणि पुस्तकबांधणीही करतो. आतापर्यंतची सगळी चर्चा शिवणाऱ्याच्या बाजूने झाली, मला पुस्तकाच्या बाजूने बोलू द्या.

जाड वाचनखूण पुस्तकाला त्रास देते. पुस्तक मिटलं की तो जाड थर पुठ्ठ्यांना आतून ढकलत राहतो, आणि ताण बांधणीच्या सांध्यावर येतो. गोंदाने चिकटवलेल्या पेपरबॅकचा कणा तर तिथेच उलतो. लोक खुणेत स्पंज घालतात, कडक बकरम घालतात, मणी शिवतात, धातूचं लटकन लावतात. मण्याचा वळ पुढच्या दहा पानांवर उमटतो. आमच्याकडे परत येणाऱ्या पुस्तकांत हे नेहमी दिसतं.

म्हणून उलटवून शिवलेल्या खुणेपेक्षा गोधडीवाली ताईंची कृती पुस्तकालाही बरी. उलटवलेल्या खुणेच्या कडेला चार थर येतात, कोपऱ्यात त्याहून जास्त, आणि मधे दोनच. म्हणजे कड जाड आणि पोट पातळ. न उलटवलेली खूण सगळीकडे सारखी. दोन थर पॉपलिनचे, मधे फार तर एक पातळ थर, बस्स. कडक हवी असेल तर फ्युजिंगऐवजी खळ द्या. तयार खूण खळीत बुडवून, पिळून, ओलसर असतानाच इस्त्री केली की कागदासारखी ताठ राहते. मात्र तांदळाची खळ असलेली खूण दमट हवेत वर्षानुवर्षं पुस्तकात ठेवू नका, झुरळांना आणि कसरीला ती आवडते. वाचून झालं की काढून ठेवा.

दुसरं, रंग. गडद लाल, गडद निळं, काळं कापड आधी धुऊन घ्या, आणि ओलं असताना पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. डाग उतरला तर ते कापड वाचनखुणेला नको. पावसाळ्यात पुस्तकाच्या पानांत ओल असतेच, तेवढ्यानेही रंग उतरतो.

आणि माप. मराठी कादंबऱ्या बहुतेक डेमी आकारात असतात, उंची साडेआठ इंच. सात इंचांची खूण आत नीट मावते आणि वरून गोंडा बाहेर डोकावतो. गोंड्याची गाठ पानांच्या बाहेर आली पाहिजे, म्हणून दोरा किमान दोन इंच ठेवा.

निळीशाई, ठाणे

पानोपानी, हा प्रतिसाद मी छापून वाचनालयात लावणार आहे, परवानगी द्या. पुस्तकांसाठी वस्तू करायची आणि तिनेच पुस्तकाचा कणा मोडायचा, हे व्हायला नको.

पानोपानी, मुंबई

जरूर लावा.

तिकीटघर

आमच्या घरी वाचनखूण म्हणजे एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेची कड, पिंपळाचं जाळीदार पान, आणि आजीच्या पोथीत मोरपीस. दुमडलेला कोपरा मात्र कधीच नाही. वडील कान दुमडलेलं पुस्तक बघितलं की जेवत नसत.

चिंचपेटी

तिकीटघर, आजीच्या पोथीचं बासनही आठवत असेल! लाल कापडाचा चौकोन, एका टोकाला नाडी. पोथी मधोमध ठेवायची, चारही बाजू दुमडायच्या आणि नाडी गुंडाळायची. पुस्तकासाठी कापड शिवायची परंपरा आपल्याकडे घराघरात होती. निळीशाई, पुढच्या वर्षी बासन करा. चौकोनाच्या चार कडा दुमडून टीप, एक नाडी. माप मोठं, म्हणजे पाव_इंच ताईही खूश.

पाव_इंच, कोल्हापूर

खूशच! बासन हे खरंच अभ्र्याच्या तोडीचं पहिलं शिवण आहे. दुमड शिकायला त्यासारखं काही नाही.

दूरदेशी, लेस्टर

मी इंग्लंडमध्ये राहते, इथून तासाभराच्या अंतरावर कोव्हेंट्री आहे. तिथला कापडी वाचनखुणांचा इतिहास या धाग्यावर सांगितलाच पाहिजे.

कोव्हेंट्री हे रेशमी फितींचं गाव होतं. घरोघरी माग. १८६० साली ब्रिटन आणि फ्रान्समध्ये व्यापारी करार झाला, फ्रेंच फितींवरची जकात उठली आणि इथला धंदा बसला. विणकर उपाशी राहिले, अनेकांनी देश सोडला. थॉमस स्टीव्हन्स नावाच्या विणकराने तेव्हा जॅकार्ड माग (भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग) वापरून रेशमात चित्रं आणि अक्षरं विणायला सुरुवात केली, आणि १८६२ पासून त्याच्या विणलेल्या वाचनखुणा बाजारात आल्या. वाढदिवसाच्या, नाताळच्या, प्रार्थनेच्या ओळी असलेल्या. खालच्या टोकाला निमुळती, आणि तिथे रेशमी गोंडा. लोकांनी त्या भेटी म्हणून विकत घेतल्या आणि त्यातून पुष्कळ मागांना काम मिळालं. कोव्हेंट्रीच्या हर्बर्ट संग्रहालयात त्या बघायला मिळतात. दोन इंचांच्या फितीवर इतकं बारीक काम की काचेवर नाक टेकवून बघावं लागतं.

खणवेडी यांचा प्रतिसाद वाचताना हेच मनात आलं. खण आणि इरकल विणणाऱ्यांचं कापड चोळीपुरतं न राहता अशा लहान वस्तूंतून घरोघरी जावं.

खणवेडी, सोलापूर

दूरदेशी, डोळ्यांत पाणी आलं वाचून. मी पाठवते खणाचे तुकडे, निळीशाई तुम्ही फक्त पत्ता कळवा. पाव_इंच ताई म्हणतात तसं मागे फ्युजिंग लावून देते.

ओल्डमॅन_देवगड

मी ६८ वर्षांचा. मशीन नाही, पण हाताने धावदोरा घालता येतो. चालेल का?

गोधडीवाली, सातारा

काका, धावणार! गोधडी सगळी धावदोऱ्याचीच. जाड सुती दोरा घ्या, रंग कापडापेक्षा वेगळा, आणि आयताच्या आत एकात एक चौकोन घालत मधापर्यंत या. हातटाक्याची खूण मशीनपेक्षा मऊ होते. निळीशाई, मशीनची पाळी येईपर्यंत बसलेल्यांना हेच काम द्या.

निळीशाई, ठाणे

काल संध्याकाळी दोन मुलं, एक काकू आणि एक काका अशा चौघांना बसवून चाचणी घेतली. आधी कागद, मग चौकटीच्या कापडावर गोधडीवाली ताईंची कृती. चौघांच्याही खुणा पूर्ण झाल्या. काकांची टीप सगळ्यांत सरळ आली, ते आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. नववीतल्या मुलीने लगेच विचारलं की आता उलटवायची कशी शिवतात. तिला एक उलटवून शिवू दिली. कोपरे गोल आले. ती म्हणाली, टोकदार हवेत.

तेव्हा पाव_इंच ताई, तुमचं म्हणणं मला प्रत्यक्ष बघायला मिळालं. उलटवलेली खूण दुसरी, पहिली नाही. पण त्या मुलीसाठी टोकदार कोपऱ्याची युक्ती सांगाल?

पाव_इंच, कोल्हापूर

सांगते, कॉलरची युक्ती आहे. कोपऱ्यावर येताना काटकोनात वळू नका, एक टाका तिरका घ्या आणि मग वळा. विचित्र वाटेल, पण त्या एका टाक्याने आतल्या थरांना जागा मिळते आणि कोपरा उलट अधिक टोकदार येतो. शिवून झालं की कोपऱ्याचं जादा कापड तिरकं कापा, टिपेपासून अर्धं सूत सोडून. उलटवताना आत कात्री घालायची नाही. शिवायच्या वेळीच कोपऱ्यात दुहेरी दोऱ्याचा एक फास अडकवून त्याची टोकं आतल्या बाजूला ठेवायची. उलटवल्यावर तो दोरा ओढला की कोपरा आपसूक बाहेर येतो, मग दोरा काढून टाकायचा. फ्युजिंग लावायचंच असेल तर शिलाईच्या आतल्या मापाचं, दोन बाय सात, म्हणजे कडेला जाडी वाढत नाही.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता बदलते. वाचनखूण पहिलं शिवण म्हणून चालेल, आधी टीप मग कात्री या रीतीने. त्या मुलीने विचारलेला प्रश्न अभ्रा शिवणाऱ्या मुलांनी मला कधी विचारला नाही.

यंत्रमित्र, नाशिक

दोन मशीनांवर दहा माणसं म्हणजे गर्दी होणार. बॉबिन आधीच दहा-बारा भरून ठेवा, सगळीकडे एकच रंग. दोरा बदलण्यात वेळ जाणार नाही. दोन्ही मशीनांच्या बॉबिन एकमेकांत चालतात का ते आधी बघा, नसतील तर वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

पाव_इंच, कोल्हापूर

गर्दी मशीनवर होणार नाही, इस्त्रीवर होईल. माझ्या अनुभवात नेहमी तसंच होतं. आखण्याआधी कापडाला इस्त्री, शिवल्यावर पुन्हा इस्त्री. इस्त्रीजवळ एक जबाबदार मोठं माणूस दिवसभर बसवा, मुलांना तिथे एकटं सोडू नका. टाचण्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या, एकही वाचनखुणेत राहता कामा नये.

कापडाचा हिशोब, तुमच्या पहिल्या कृतीच्या मापाने: छत्तीस इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटरमध्ये अडीच इंचांच्या चौदा पट्ट्या, आणि उंचीत साडेसातच्या दोन ओळी, म्हणजे अठ्ठावीस खुणांची एक बाजू. मागच्या बाजूलाही तेवढंच. शंभर खुणांना दोन मीटर वरचं आणि दोन मीटर खालचं पुरतं.

निळीशाई, ठाणे

इस्त्रीला ड्राफ्ट्समन काकांची नेमणूक झाली, त्यांनी स्वतःहून मागून घेतली. चेक्सचं पॉपलिन आणि मांजरपाट आणलं, धुऊन वाळत घातलंय. खणाचे तुकडे फक्त दुसऱ्या फेरीत, ज्यांना उलटवून शिवायचं आहे त्यांच्यासाठी. मणी आणि लटकनं रद्द, फक्त सुती दोऱ्याचे गोंडे.

आता एकच अडचण. झिगझॅग कात्री आमच्यात कोणाकडेच नाही. एका दिवसासाठी ठाण्यात कोणी देऊ शकेल?

सह्यकडा

माझ्याकडे दोन आहेत, घोडबंदर रोडला राहते. शनिवारी आणून देते, आणि चालणार असेल तर थांबून कापायलाही मदत करते.

निळीशाई, ठाणे

चालेल म्हणजे काय, या नक्की! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.